आखूड रांग जिंकली

तुलनात्मक शासनपद्धतीचा तास जेवणानंतर असायचा आणि अर्धा वर्ग पेंगत असायचा. इंग्लंडची संसद, अमेरिकेचा अध्यक्ष, स्वित्झर्लंडची सात जणांची परिषद. सर पिवळ्या पडलेल्या कागदांवरून वाचायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो. एके दिवशी सरांनाच कंटाळा आला असावा. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि शेवटच्या बाकाकडे बोट केलं. "तू सांग रे. तुझ्या देशात सरकार कसं निवडतात?"

शेवटच्या बाकावर माझ्या शेजारी तो बसायचा. केनियाचा. नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस होते. पुण्याच्या कॉलेजांत आफ्रिकेतली मुलं पुष्कळ असायची, नाशकात अगदी थोडी. आमच्या कॉलेजात तर तो एकटाच. माझी आई पंचवटीत मेस चालवायची आणि तो दोन्ही वेळा आमच्याकडे जेवायचा. पहिल्या महिन्यात तो पोळ्या कशाबशा गिळायचा. मग एकदा आईनं नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी केली. त्यानं तुकडा मोडला, हुंगला आणि तसाच हातात धरून बसला. "हे आमच्या शेतात आहे," तो म्हणाला. "माझी आई याची पेज करते."

"मंग जेव की पोटभर," आई म्हणाली. त्या दिवसापासून तो तिचाच झाला. तिचं माहेर नांदगावकडचं. तिच्याच तोंडून मराठी शिकल्यामुळे हा सहा फुटी माणूस कॉलेजात सगळ्यांना "लय भारी हाय" म्हणत फिरायचा.

सरांनी उभं केल्यावर तो थेट फळ्यापाशी गेला. वर्गातल्या दोन मुलांना त्यानं दोन कोपऱ्यांत उभं केलं. "हे दोघं उमेदवार. मागच्या निवडणुकीत पार्टी एकच होती, दुसरी काढायला बंदी होती. चिठ्ठी नाही, पेटी नाही. ज्याला मत द्यायचं, त्याच्या मागे रांगेत उभं राहा."

पेंगणारा वर्ग खडबडून जागा झाला. ढकलाढकली, शिट्ट्या, खिदळणं. एका मुलामागची रांग दारातून व्हरांड्यात गेली. दुसऱ्यामागे त्याचे चार मित्र आणि एक भिडस्त मुलगी. त्यानं टेबलावरची लाकडी पट्टी उचलली आणि दोन्ही रांगांवरून मोठ्यानं मोजत फिरला. मग पट्टी आखूड रांगेकडे केली. "हा निवडून आला. सत्तर टक्क्यांच्या वर. सत्तरच्या वर गेलं की पुढे गुप्त मतदान होत नाही. संपलं. घरी जा."

वर्ग हसला. मी लांब रांगेत होतो, मीही हसलो आणि ओरडलो, "ए, परत मोज!"

तो माझ्याकडे आला. नाटकच चाललंय असं मला वाटलं. त्यानं माझी कॉलर धरली, मला भिंतीवर आपटलं आणि पट्टी आडवी करून गळ्यावर दाबली. माझ्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. "कोण म्हणालं परत मोज?" तो अगदी हळू आवाजात म्हणाला. त्याचे डोळे माझ्यावर होते, पण मी त्याला दिसत नव्हतो. हसणं थांबलं. सर खुर्चीतून उठले. मला श्वास घेता येईना.

मग त्यानं सोडलं. माझी कॉलर सरळ केली, शर्टाचं तुटलेलं बटण खालून उचलून माझ्या हातात दिलं. "सर," तो म्हणाला, "माझ्या वडिलांनी विचारलं होतं. परत मोजा म्हणून." आणि जाऊन बाकावर बसला.

संध्याकाळी जेवताना आईनं माझ्या गळ्यावरचा वळ पाहिला आणि विचारलं. तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. वडील प्राथमिक शाळेचे हेडमास्तर. खासदारकीच्या उमेदवारीसाठी त्यांच्याच शाळेच्या मैदानात रांगा लागल्या होत्या. मोजायला चीफ. चीफ म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे पिसं लावलेला राजा आला. तो हसला. "राजा नाही. सरकारी माणूस. तुमचा तलाठी असतो ना, तसा. फक्त त्याच्याजवळ बंदूकवाले पोलीस असतात. चीफच्या वर विभागाचा डी.ओ., त्याच्या वर जिल्ह्याचा डी.सी., त्याच्या वर प्रांताचा पी.सी. आणि पी.सी.च्या वर थेट राष्ट्राध्यक्ष. मधल्या एकालाही लोक निवडून देत नाहीत. राष्ट्राध्यक्षांनी नैरोबीत मान हलवली की आमच्या गावात काठी हलते."

चीफनं आखूड रांग जिंकली म्हणून जाहीर केलं. हेडमास्तरांनी हात वर करून परत मोजायला सांगितलं. पक्षाच्या युवक दलाच्या पोरांनी त्यांना शाळेच्या मागे नेलं. त्यातली निम्मी पोरं त्यांच्याच हाताखाली शिकलेली. सोटे होते, मुठीशी बारीक आणि टोकाला गाठ असलेले. ज्या हातानं फळ्यावर लिहायचे, तो कोपरातून उलटा केला. एका कानातून रक्त आलं, तो कान पुढे बंदच झाला. दोन पोलीस झाडाखाली उभे राहून बघत होते. दुसऱ्या दिवशी चीफ साखरेची पिशवी घेऊन घरी आला आणि म्हणाला, मास्तर, सायकल जपून चालवत जा.

"तेव्हापासून वडील सगळ्यांना सांगतात, सायकलवरून पडलो. घरात आम्हालासुद्धा."

आई तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. "आन् तुझ्या आईनं काय केलं?"

"आईनं सायकल विकून टाकली."

त्या वर्षी आमच्याही कॉलेजात निवडणूक होती. तेव्हाची पद्धत अशी की प्रत्येक वर्गानं आपला प्रतिनिधी निवडायचा आणि या प्रतिनिधींनी मिळून जी.एस. निवडायचा, म्हणजे विद्यार्थी मंडळाचा सचिव. मतदार मोजकेच, त्यामुळे त्यांना पळवणं सोपं. जी.एस.च्या मागे शहरातली मोठी माणसं असायची. आज कॉलेज, उद्या नगरसेवक. आमच्या वर्गातून मी बिनविरोध आलो, कारण दुसऱ्या कुणाला मार खायचा नव्हता. मला हे नंतर कळलं.

उमेदवार दोन. त्यातला एक ठेकेदाराचा पुतण्या, सगळे त्याला दादा म्हणायचे. मतदानाच्या आदल्या दिवशी भर सकाळी गंगापूर रोडवर आमच्या लूनासमोर जीप आडवी आली. माझ्या मागे केनियाचा मित्र बसलेला. "प्रतिनिधी साहेब, चला पार्टीला," एक जण म्हणाला आणि मला दंडाला धरून आत ओढलं. "याचं काय करायचं?" दुसऱ्यानं विचारलं. "घे त्यालापण. नायतर बोंब मारील."

हरसूलच्या अलीकडे, डोंगरात, एका फार्महाऊसवर नेलं. तिथे आमच्यासारखे बरेच प्रतिनिधी आधीच आणून ठेवले होते. कोंबडी शिजत होती, पत्ते चालले होते, दारूच्या बाटल्या होत्या. कुणी बांधून घातलं नव्हतं. फक्त फाटकाशी हॉकी स्टिका घेऊन पोरं बसलेली.

आमच्यात पहिल्या वर्षाचा एक मुलगा होता. त्याच डोंगरांतल्या पाड्यावरचा, बारीक अंगाचा, पाड्यावरून कॉलेजात आलेला पहिलाच. दुपारी त्यानं कोंबडीला हात लावला नाही. तो उठला आणि म्हणाला, "माझा घर ह्या डोंगराचे पल्याड हाय. मी जातो चालत. उद्या येन मताला." आणि खरंच चालायला लागला. फाटकावरच्या पोरांना आधी गंमत वाटली. मग त्यांनी त्याला केस धरून फरपटत आणलं, पालथं पाडलं, एक जण पाठीवर बसला आणि दुसऱ्यानं तळपायांवर हॉकी स्टिक मारायला सुरुवात केली. पहिल्या फटक्याला तो ओरडला. पुढे नुसता आवाज यायचा, ओल्या कपड्यावर धोपाटणं मारल्यासारखा. पत्ते खेळणारे पत्त्यांकडे बघत राहिले.

माझा मित्र उठला. "त्याला सोड."

"ए काळ्या, बस खाली."

"त्याला सोड. मला मार."

मारणाऱ्यानं स्टिक टाकली आणि कमरेची सायकलची चेन काढली. पहिला वार खांद्यावर बसला, शर्ट फाटला आणि खालचं मांस उघडं पडलं. तो हलला नाही. दुसरा वार त्यानं हवेतच पकडला, चेन मुठीभोवती गुंडाळली आणि त्या पोराला खेचून त्याच्या नाकावर कपाळ आपटलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग पाच-सहा जण एकदम तुटून पडले. मी मध्ये घुसलो तर कुणीतरी तोंडावर स्टिक मारली. जिभेला दाताचा तुकडा लागला, तो मी थुंकला. मला दोघांनी भिंतीला धरून ठेवलं. तो खाली पडला होता, डोकं दोन्ही हातांनी झाकून, आणि ते लाथा मारत होते, दमल्यावर जागा बदलत होते. एक जण त्याच्या गळ्याच्या हाडावर बूट ठेवून उभा राहिला. हाड मोडलं. तेव्हा तो ओरडला. त्याच्या भाषेत ओरडला, आम्हाला काही कळलं नाही.

तेवढ्यात दादाची गाडी आली. त्यानं रक्त पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. स्वतःच्या टोळीतल्या पोराच्या फुटलेल्या नाकाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. "अरे येड्यांनो, हा फॉरेनर हाय! दिल्लीवरून फोन येईल! वकिलातीचे लोक येतील!" त्यानं टिंक्चर मागवलं, पाणी पाजलं आणि मग माझ्या मित्राशेजारी उकिडवा बसून समजुतीच्या सुरात म्हणाला, "हे बघ भाऊ. तू जिन्यावरून पडला. काय? जिन्यावरून."

माझा मित्र हसायला लागला. तोंडात रक्त होतं, बरगड्या दुखत होत्या, तरी त्याला हसू आवरेना. दादाला वाटलं, डोक्याला मार बसलाय.

दुसऱ्या दिवशी आम्हाला दादाच्या जीपमधून कॉलेजात नेलं. माझा मित्र मागच्या सीटवर आडवा होता. मतदान होईपर्यंत त्याला दवाखान्यात नेणार नव्हते. गेटवर दुसऱ्या उमेदवाराची पोरं थांबली होती. सोड्याच्या बाटल्या आल्या, काचा फुटल्या, पुढे बसलेल्या एकाच्या गालावर तलवार चालली आणि त्याच्या मांडीवर रक्ताचं थारोळं साचलं. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, त्या आम्हालाही बसल्या. त्या धुमश्चक्रीतून आम्ही एकेक करून हॉलमध्ये शिरलो. डोंगरातला तो मुलगा भिंतीला धरून, पायाच्या कडांवर चालत आला. आत मात्र पडदा होता, चिठ्ठी होती, पेटी होती.

दुपारी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये गेलो तेव्हा मित्राचा हात गळ्यात बांधलेला होता. "कोण जिंकलं?"

"दादा पडला."

"पण सगळे तर दादाच्या जीपमधून आले."

"हो."

"त्याची कोंबडी खाल्ली."

"हो. पण चिठ्ठी बंद होती ना."

"म्हणून रांग लावतात," तो म्हणाला.

संध्याकाळी जबाब घ्यायला हवालदार आला. त्यानं आधी मला बाजूला घेऊन समजावलं की मारामारीत परदेशी माणसाचं नाव आलं तर व्हिसाची भानगड होईल, त्यापेक्षा अपघात लिहू. आई डबा घेऊन आली होती. ती हवालदाराच्या आणि दाराच्या मधे उभी राहिली. "लिवा," ती म्हणाली. "त्यो सांगतोय तसं लिवा." माझ्या मित्रानं एकेकाचं नाव सांगितलं, चेनचं सांगितलं, बुटाचं सांगितलं. हवालदारानं लिहून घेतलं. ती केस कोर्टात रखडत रखडत विझून गेली. नव्या जी.एस.चे दोन्ही पाय दादाच्या पोरांनी महिन्याभरात त्याच्या घरासमोर फोडले, तो पुन्हा कॉलेजात आलाच नाही. पुढे दोनेक वर्षांत या निवडणुकाच बंद झाल्या.

त्या वर्षाच्या शेवटी माझ्या मित्राच्या देशात निवडणूक होती. बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदा अनेक पक्ष, गुप्त चिठ्ठ्या. मेसमध्ये मुलांनी पेढे वाटायच्या गोष्टी केल्या. त्यानं मात्र नवा नियम मला मेसच्या ओट्यावर कोळशानं आखून दाखवला. आठ प्रांत. राष्ट्राध्यक्ष व्हायला नुसती जास्त मतं पुरत नाहीत, आठपैकी पाच प्रांतांत किमान पंचवीस टक्के हवीत. "ऐकायला चांगलं आहे," तो म्हणाला. "कुणा एका जमातीचा राष्ट्राध्यक्ष होऊ नये म्हणून. पण याचा दुसरा अर्थ काय? विरोधकाला एखाद्या प्रांतात पंचवीस मिळू द्यायचे नसतील तर त्याला मत देणाऱ्यांनाच त्या प्रांतातून हाकलायचं." त्याचं कुटुंब मूळचं पश्चिमेकडचं. आजोबांनी शेजारच्या खोऱ्याच्या प्रांतात येऊन जमीन घेतली होती. तिथले पुढारी सभांमधून अशा बाहेरून आलेल्या लोकांसाठी एक शब्द वापरायचे, मादोआदोआ. ठिपके. डाग. गवत स्वच्छ करा, डाग काढा, असं माइकवरून सांगायचे.

निवडणुकीच्या आधीच फोन आला तो त्याच्या नैरोबीतल्या मामाचा, आमच्या कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवर. बूथवाल्याचा पोरगा मेसमध्ये बोलवायला आला, आम्ही दोघं धावलो. काचेतून मला तो दिसत होता. तो नुसता ऐकत होता. मग त्यानं रिसीव्हर जागेवर ठेवला आणि गळ्यातली झोळी नुकतीच निघालेल्या हाताची मूठ काचेवर मारली. काच फुटून हात मनगटापर्यंत बाहेर आला. बूथवाला ओरडत आला आणि त्याच्याकडे बघून थांबला.

ट्रकमधून माणसं त्याच्या गावात आली होती. तोंडाला चिखल फासलेली, धनुष्यबाण आणि रुंद कोयते घेतलेली. त्यांच्यात गावातले काही होते, ओळखीचे. घरं पेटवली. त्याचे वडील मक्याच्या शेतात होते. त्यांचा एक हात वाकत नव्हता आणि एका कानानं ऐकू येत नव्हतं, मागून येणारे त्यांना कळलेच नसतील. त्यांना कोयत्यानं मानेवर मारलं, ते तिथेच गेले. त्याची आई आणि बहीण चर्चच्या आवारात पोचल्या. बहिणीच्या पोटरीत बाण होता. पोलीस चौकी तिथून हाकेच्या अंतरावर होती.

"पोलीस का नाही आले?" माझ्या आईनं विचारलं. ती त्याच्या हातातले काचेचे तुकडे काढत होती.

"चीफनं सांगितलं नाही. चीफला डी.ओ.नं सांगितलं नाही. डी.ओ.ला डी.सी.नं. वरपर्यंत कुणी कुणाला सांगितलं नाही."

त्या दिवशी त्यानं मेसमधली सगळी भांडी घासली. हाताला पट्टी होती, ती भिजून लाल झाली. मी उठवायला गेलो तर आईनं मला खुणेनं थांबवलं. ताटं संपली तशी तिनं कपाटातली नवी, न वापरलेली ताटं काढून त्याच्यापुढे ठेवली. तो तीही घासत बसला.

'येऊ नकोस, शिकून घे,' असा त्याच्या आईचा निरोप होता. त्यानं पदवी घेतली, बी.एड. केलं आणि परत गेला. शिक्षक झाला, वडिलांसारखा. मी राज्यशास्त्र सोडून नाशकातच अंबडला पत्र्याच्या जोडकामाचा छोटा कारखाना काढला. फोन वर्षातून दोन-तीनदा व्हायचा. लग्नाचं त्यानं दोन वर्षं उलटल्यावर सांगितलं, तेव्हा त्याच्या आवाजात थोडी धाकधूक होती. बायको त्याच खोऱ्यातल्या दुसऱ्या जमातीची. ज्यांनी त्याचं घर जाळलं, त्यांच्यातली. "माझी आई दोन वर्षं तिच्याशी बोलली नाही," तो म्हणाला. "आता दोघी मिळून माझ्याशी भांडतात."

२००७ च्या शेवटच्या आठवड्यात तिथे पुन्हा निवडणूक झाली. शिक्षक म्हणून त्याला मतदान केंद्रावर नेमलं होतं. केंद्रावर सगळं सुरळीत पार पडलं. पण राजधानीत निकालाला दिवसामागून दिवस लागले, मग संध्याकाळी घाईघाईनं निकाल जाहीर झाला आणि लगोलग राष्ट्राध्यक्षांनी शपथ घेतली. मी टीव्हीवर जळणारी घरं पाहिली आणि फोन लावत राहिलो. लागेना. जानेवारीच्या मध्यात त्याचाच आला. आवाज खरखरीत होता.

"आईला सांग, मी जिवंत आहे."

या वेळी सुरुवात त्याच्या मेहुण्यांपासून झाली होती. बायकोचे दोघे भाऊ सकाळीच आले, बहिणीला म्हणाले, चल, पोरांना घे, याला राहू दे. ती गेली नाही. मग दोन पोरांना घेऊन चौघं पायी निघाले; त्याची आई तेव्हा नैरोबीत मामाकडे होती. मोठ्या रस्त्यावर दगड आणि जळते टायर टाकून बायकोच्या जमातीची पोरं उभी होती. येणाऱ्याचं ओळखपत्र बघायची. नावावरूनच जमात कळते. त्याच्या पुढच्या माणसाचं कार्ड बघितलं आणि तिथेच त्याच्या डोक्यात कोयता घातला. तो माणूस गुडघ्यांवर बसला आणि बसल्या बसल्याच मेला. याची पाळी आली तशी बायकोनं त्याच्या हातातून कार्ड हिसकावून आगीत टाकलं आणि आपल्या भाषेत बोलायला लागली. तिनं त्यांच्या आयांची नावं घेतली, गावं विचारली, तुला लहानपणी कुणी न्हाऊ घातलं ते मला ठाऊक आहे म्हणून एकाला झापलं. एका पोरानं तरी कोयता उगारलाच. तो माझ्या मित्राच्या खांद्यावर बसला, हाडापर्यंत. दुसरा वार तिनं हातावर घेतला. तिची दोन बोटं गेली. मग कुणीतरी ओरडलं, जाऊ दे, बाई आपली आहे.

आता ते चौघं पोलीस चौकीच्या मागच्या मैदानात राहत होते, प्लास्टिकच्या तंबूत, हजारो लोकांबरोबर. बोलता बोलता त्यानं अचानक विचारलं, "तुझ्याकडे कामाला कोण आहेत? कुठले?"

"दोघं सिन्नरचे. बाकी बिहारचे."

"लक्ष ठेव," तो म्हणाला.

मी हो म्हटलं. केनिया कुठे आणि अंबड कुठे, असंच मनात होतं.

फेब्रुवारीत आमच्या नाशकात परप्रांतीयांना मारहाण सुरू झाली. भाषणं झाली, टॅक्स्या फुटल्या, पाणीपुरीच्या गाड्या उलथल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास दहा-बाराजण कारखान्यात शिरले. हातात गज. "शेठ, भय्ये किती ठेवलेत?"

"इथे कामगार आहेत," मी म्हणालो.

"बाहेर काढा."

माझा वेल्डर आत तोंडावर वेल्डिंगचं हेल्मेट लावून पत्रा जोडत होता, मशीनच्या आवाजात त्याला काही ऐकू आलं नव्हतं. एकानं मागून जाऊन त्याच्या डोक्यात गज घातला. हेल्मेटची काच फुटून डोळ्यात गेली, तो स्वतःच्या तापलेल्या कामावर कोसळला. कातडी जळल्याचा वास आला. मी मध्ये गेलो आणि हात वर केला. गज हातावर बसला, मनगटाच्या वर हाड मोडलं, हात भलतीकडेच वाकला. सिन्नरच्या पोरांपैकी एकानं ग्राइंडर चालू करून फिरतं चाक पुढे धरलं आणि आईबहिणीवरून मराठीत अशा शिव्या दिल्या की ते क्षणभर थबकले. "मराठी असून भय्यांची बाजू घेतो?" एक म्हणाला. "ह्यो माझ्या जोडीला तीन वर्षं राबतो, तू कोन रं?" सिन्नरचा पोरगा म्हणाला. ते गेले. जाताना ऑफिसची काच आणि सगळ्यांच्या सायकली फोडून गेले.

वेल्डर जगला. एक डोळा गेला, बोलणं जड झालं. बाकीच्यांना मी घरी आणलं. आईची सत्तरी उलटली होती, मेस केव्हाच बंद झाली होती. तिनं काही विचारलं नाही, पीठ काढलं. शेजारच्या एकानं दारात येऊन, "काकू, उगाच लफडं कशाला," म्हणायला सुरुवात केली. हातातलं लाटणं खाली न ठेवता ती त्याच्याकडे बघत राहिली. तो निघून गेला. आठवड्यानं मी बिहारच्या सगळ्यांना नाशिक रोडला गाडीत बसवलं. फलाटावर उभं राहायला जागा नव्हती. गाठोडी, शिवणयंत्रं, डोक्याला पट्ट्या बांधलेली माणसं. वेल्डर खिडकीपाशी बसला. चांगल्या डोळ्यानं त्यानं माझ्या प्लास्टरकडे पाहिलं. "सेठ, हाथ ठीक हो जाए तो बताना," एवढंच म्हणाला. तो परत आला नाही.

महिनाअखेरीला मित्राचा फोन आला. त्याच्याकडे तह झाला होता. राष्ट्राध्यक्ष तेच राहिले, विरोधी नेत्यासाठी पंतप्रधानाचं नवं पद काढलं. "खुर्च्या वाढवल्या," तो म्हणाला. "आता दोघंही बसतील." मी माझं सांगितलं. मग त्यानं वेल्डरच्या डोळ्याबद्दल विचारलं, कोणता डोळा, औषध काय चाललंय, गावाकडे डॉक्टर आहे का.

आईनं फोन माझ्या हातातून घेतला. लांबचा फोन म्हणून ती ओरडूनच बोलायची. "बाईच्या बोटांची जखम भरली का रं?"

"भरली, आई. चांगली हाय. सैपाक बी करती."

"आन् पुढच्या टायमाला मत देशील का?"

पलीकडे तंबूंमधली पोरं ओरडत होती.

"देईन," तो म्हणाला. "पण केंद्रावर कामाला जानार नाय. बायकोनं शपथ घातलीय."

"बरोबर हाय तिचं," आई म्हणाली आणि पोरांची नावं, इयत्ता, कोण कुणासारखं दिसतं, असं एकेक विचारत राहिली. शेवटी फोनच कटला.